आजोबांच्या लग्नाचा कागद शोधताना : कुठे जायचं आणि किती खर्च येतो

आमच्या लालबागच्या खोलीत पोटमाळ्यावर एक पितळी घंगाळं पडून होतं. वर्षानुवर्षं चिंच आणि राखेने घासून काठावरची अक्षरं जवळजवळ पुसली गेली होती. मी त्यावर बोटाने तांदळाची पिठी चोळली, जादा पिठी फुंकून टाकली आणि मोबाईलची बॅटरी आडवी धरली. ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरं एकेक करून वर आली. नवरीचं नाव, भांडं देणाऱ्या तिच्या मामाचं नाव, आणि ‘माघ व. ५ शके १८५१’.

घरात सगळे सांगत आले होते की लग्न १९३२ साली झालं. त्याहून मोठी अडचण नावाची होती. आम्हाला माहीत असलेलं आजीचं नाव देवीचं, आणि घंगाळ्यावरचं नाव नदीचं. आत्याकडच्या एका जुन्या पत्रातही तेच नदीचं नाव होतं. मग घरात कुजबुज सुरू झाली. आजोबांची आधी एक बायको होती का? असली तर आपण कोणाची नातवंडं?

याचा उलगडा व्हायला मला आठ महिने लागले आणि सगळा मिळून दोन हजार रुपयेही खर्च आला नाही. त्याच्या आधी एक एजंट ‘आजोबांच्या लग्नाचं सर्टिफिकेट काढून देतो’ म्हणून पंधरा हजार मागून गेला होता. गिरगाव, दादर, परळ, लालबागमधल्या कितीतरी घरांत आज हाच शोध चालू आहे. कोणाला वंशावळ लिहायची आहे, कोणाला गिरणी कामगारांच्या घरासाठी वारस दाखवायचे आहेत, कोणाला चाळीच्या पुनर्विकासात आजीच्या नावाची खोली आपल्या नावावर करायची आहे. म्हणून हे सगळं खर्चासकट लिहिते आहे.

आधी विचारा : कागद असणं शक्य तरी होतं का?

हिंदू लग्न लागायला सरकारी कागद कधीच लागला नाही. भटजी, अंतरपाट, सप्तपदी आणि पंगतीला बसलेले लोक हीच नोंद. मुंबई राज्यात विवाह नोंदणीचा कायदा १९५३ साली झाला. हिंदू विवाह कायदा १८ मे १९५५ पासून लागू झाला आणि त्याच्या कलम ८ मध्ये नोंदणीची सोय आली. मात्र नोंद केली नाही म्हणून लग्न बेकायदा ठरत नाही, हेही त्याच कलमात स्पष्ट लिहिलं आहे. सध्या वॉर्डात जी नोंदणी होते ती १९९८ च्या महाराष्ट्र कायद्याप्रमाणे. सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या धर्मांच्या लग्नांची नोंद सक्तीची करा असं राज्यांना सांगितलं ते २००६ मध्ये.

म्हणजे १९५० च्या आधीचं हिंदू लग्न असेल, तर दहातल्या नऊ घरांनी ‘सर्टिफिकेट’ शोधूच नये. ते कधी बनलेलंच नसतं.

याचं सर्वात मोठं उदाहरण आपल्याच भागातलं आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि रमाबाई यांचं लग्न भायखळ्याच्या बाजारात, दिवसाचा बाजार उठल्यावर लागलं. साल मात्र कुठे १९०६ दिलेलं असतं, तर कुठे मॅट्रिकनंतरचं, म्हणजे १९०७-०८ च्या सुमाराचं. ज्यांच्या आयुष्याचा दिवस न् दिवस अभ्यासकांनी तपासला, त्यांच्या पहिल्या लग्नाच्या सालाबद्दलही असा फरक राहतो. दुसरं लग्न १५ एप्रिल १९४८ ला दिल्लीत नोंदणी पद्धतीने झालं, त्याच्या तारखेबद्दल कोणाला काही शंका नाही. तेव्हा आपल्या पणजोबांच्या लग्नाची तारीख सापडत नाही म्हणून कोणी खजील व्हायचं कारण नाही.

कागद असण्याची शक्यता कुठे असते, तर नोंदणी विवाहात. १८७२ च्या विशेष विवाह कायद्याने लग्न करायचं तर सुरुवातीला आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती असा कोणताच धर्म पाळत नाही असं लिहून द्यावं लागे. १९२३ च्या दुरुस्तीनंतर हिंदूंना धर्म न सोडता असं लग्न करता येऊ लागलं, आणि १९५४ मध्ये नवा कायदा आला. घरात कोणी आंतरजातीय लग्न केलं असेल, गिरगावातल्या प्रार्थना समाजाशी संबंध असेल, तर ही दिशा आधी धरा. काकडवाडीच्या आर्य समाजात लग्न लागलं असेल, तर तिथल्या नोंदवहीची चौकशी करा. १९५४ च्या कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे विवाह अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र-पुस्तक कोणालाही पाहता येतं आणि ठरलेली फी भरून त्याचा प्रमाणित उतारा मिळतो. हिंदू विवाह नोंदवहीबद्दलही कलम ८ मध्ये अशीच तरतूद आहे. खिडकीवरचा माणूस ‘तुम्ही कोण लागता’ म्हणून परत पाठवू लागला, तर कलमाचा आकडा सांगा.

आणि एजंटाबद्दल. १९९८ च्या कायद्याने नोंदणी करताना नवरा-बायको दोघांनी तीन साक्षीदारांसह निबंधकासमोर हजर राहावं लागतं. दोघं हयात नसतील तर त्यांच्या लग्नाची आज नवी नोंद होऊच शकत नाही. तसा कागद कोणी पैसे घेऊन आणून दिला, तर तो बनावट आहे आणि तो वापरणारा अडचणीत येतो. उलट आजी-आजोबा दोघंही हयात असतील तर हा लेख बाजूला ठेवा आणि याच महिन्यात त्यांना वॉर्डात घेऊन जा. उशिराची वाढीव फी भरावी लागते, ती आधी विचारून घ्या. पुढच्या पिढीचे आठ महिने वाचतील.

कोणतं ऑफिस?

गिरगावकरांची पहिली चूक इथेच होते, कारण गिरगावचा काही भाग सी वॉर्डात आणि काही डी वॉर्डात येतो. डी वॉर्डाचं ऑफिस नाना चौकाजवळ आहे. परळ-लालबाग एफ दक्षिणमध्ये येतं, दादर पूर्व एफ उत्तरमध्ये, दादर पश्चिम जी उत्तरमध्ये, म्हणजे प्लाझाच्या मागच्या बाजूला, आणि लोअर परळ-वरळी जी दक्षिणमध्ये. बेस्टच्या साध्या बसचं किमान भाडं मे २०२५ पासून १० रुपये झालं आहे. चार वॉर्डांत चार हेलपाटे म्हणजे पैसे फार जात नाहीत, पण चार सुट्ट्या जातात.

म्हणून हेलपाट्याआधी माहिती अधिकाराचा एक अर्ज टाका. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, प्रत हवी असेल तर पानाला २ रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. उत्तर आलं नाही तर पहिल्या अपिलाला २० रुपये. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर हवा. ‘माझ्या आजोबांच्या लग्नाची नोंद द्या’ असं लिहू नका. ती व्यक्तिगत माहिती आहे म्हणून नकार येतो. असं लिहा : आपल्या कार्यालयात विवाह नोंदणीची कोणत्या सालापासूनची रजिस्टरं आहेत, त्याआधीची कोणत्या कार्यालयाकडे वर्ग झाली, आणि नावाप्रमाणे अनुक्रमणिका आहे का. मला याचं दोन पानी उत्तर आलं. एकूण १४ रुपयांत दोन ऑफिसं यादीतून गळली.

परळ-लालबागच्या घरांनी त्याहून आधी एक गोष्ट ध्यानात घ्यायची. गिरणीत कामाला आलेला माणूस मुंबईत खोलीत दहा-बारा जणांबरोबर राहायचा आणि खाणावळीत जेवायचा. त्याची बायको गावी असायची. लग्नही गावीच व्हायचं. संसार चाळीत झाला म्हणून लग्नाची नोंद मुंबईत असेल असं धरून आम्ही दोन महिने घालवले. आजोबांचं गाव संगमेश्वर तालुक्यात आणि आजीचं माहेर लांज्याकडे. पुरावा सापडला तो तिकडेच.

एक बाई, दोन नावं

आपल्याकडे लग्नात मुलीचं नुसतं आडनाव बदलत नसे. तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहायचे आणि जुनं नाव माहेरच्या उंबऱ्याशी राहायचं. न्यायमूर्ती रानड्यांच्या रमाबाई माहेरी यमुना होत्या. डॉ. आनंदीबाई जोशीही माहेरी यमुनाच. नुसत्या नावावरून शोधणाऱ्याला या दोघी सापडणारच नाहीत, किंवा एकीच्या जागी दुसरी सापडेल. डॉ. शारदा कबीर १९४८ नंतर सविता आंबेडकर झाल्या.

म्हणून दोन नावं दिसली की दोन बायका होत्या असं लगेच मानू नका. आणि एकच बाई असणार असंही मानू नका. त्या काळी बाळंतपणात बायका जात आणि नवरा वर्षभरात पुन्हा बोहल्यावर चढे. मुंबई राज्यात १९४६ च्या कायद्याने हिंदूंना दुसरं लग्न बंद होईपर्यंत दोघी एका घरात नांदतही असत. हे ठरवायला दोन्ही नावं जोडणारा एक तरी कागद हवा.

तो कागद बहुतेक वेळा जमिनीचा असतो. सासरच्या गावी आजोबा गेले तेव्हाचा वारस फेरफार काढा. त्यात ‘विधवा पत्नी’ म्हणून सासरचं नाव येतं. मग माहेरच्या गावचा फेरफार काढा. हिंदू वारसा कायदा १७ जून १९५६ ला आला, त्यानंतर बाप वारला असेल तर लग्न झालेल्या मुलींची नावंही वारसांत लागतात. तिथे मुलीच्या नावापुढे नवऱ्याचं नाव ‘भ्र.’ लावून असतं, म्हणजे भ्रतार. त्याहून जुन्या कागदांत कुठे ‘कोम’ दिसेल, मोडी कागदांत ‘मर्द’ दिसेल. अर्थ एकच : अमक्याची बायको. हे तीन शब्द ओळखता आले नाहीत तर हातातला पुरावा निसटतो.

माझ्या आजीच्या माहेरच्या फेरफारात नदीचं नाव होतं, पुढे ‘भ्र.’ आणि आजोबांचं पूर्ण नाव, आडनाव, मुक्काम मुंबई. सासरच्या फेरफारात देवीचं नाव, तोच नवरा. पण एवढ्यानेही पहिली आणि दुसरी बायको ही शंका पुरती मिटत नाही. ती मिटली हक्कसोडपत्राने. भावांच्या नावावर जमीन करून देताना बहिणींनी केलेलं हे पत्र नोंदणी झालेलं असतं आणि त्यात ‘ऊर्फ’ लिहिण्याची काळजी वकील घेतो. देवीचं नाव, ऊर्फ नदीचं नाव, आणि खाली डाव्या अंगठ्याचा ठसा. आत्याच्या मामांच्या मुलाने ते प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून माझ्यासमोर ठेवलं, झेरॉक्सला स्वतः बरोबर आला आणि चहा पाजून पाठवलं. बहिणींना हक्क सोडावा लागला याचं वाईट मला तेव्हाही वाटलं, आजही वाटतं. पण आजीचं अख्खं नाव एका कागदावर आलं ते त्या दिवशी.

खर्च असा. महाभूमीच्या संकेतस्थळावर डिजिटल सहीचा सातबारा, आठ-अ किंवा फेरफार प्रत्येकी १५ रुपयांना मिळतो. जुन्या फेरफारांची स्कॅन केलेली पानं काही जिल्ह्यांची तिथेच ‘आपले अभिलेख’वर आहेत. नसतील तर तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करायचा. त्यासाठी गाव, सर्व्हे नंबर आणि साधारण साल पाहिजे, म्हणून आधी १५ रुपयांचा सातबारा काढून त्यावरचे फेरफार क्रमांक टिपून घ्या. गावी जाताना घरातली वयस्कर बाई बरोबर घ्या. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे आणि ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत. माझी ऐंशीची आत्या फुकट आली आणि तलाठी कार्यालयात माझ्यापेक्षा जास्त उपयोगी पडली. कोणाचं शेत कोणाच्या बांधाला, हे ती न बघता सांगत होती.

शके आणि साल

घंगाळ्यावरचं शके १८५१ म्हणजे इसवी सन किती? चैत्रापासून ३१ डिसेंबरपर्यंतच्या तिथीला ७८ मिळवायचे, १ जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंतच्या तिथीला ७९. सगळे ७८ मिळवून मोकळे होतात आणि माघ-फाल्गुनातली लग्नं एक वर्ष मागे जातात. माघ १८५१ म्हणजे १९३० चा फेब्रुवारी.

हे साल बघून मला लग्नाची घाई समजली. मुलीचं वय किमान १४ आणि मुलाचं १८ असावं असा सारडा कायदा १९२९ मध्ये झाला आणि १ एप्रिल १९३० पासून लागू झाला. त्याआधीच्या महिन्यांत देशभर लोकांनी घाईघाईने लहान मुलींची लग्नं उरकली. आजी तेव्हा बारा वर्षांची होती. पुढे घरात कोणी विचारलं की ती १९३२ सांगायची, कारण १९३२ ला चौदा पूर्ण होतात. माझा असा अंदाज आहे की हे साल कोणीतरी तिला शिकवून ठेवलं होतं. तुमच्याही घरात लग्नाचं साल १९३० च्या आसपास सांगत असतील, तर एक-दोन वर्षं मागेपुढे धरूनच शोधा.

तपासायचे आणखी दोन मार्ग आहेत, आणि दोन्ही फुकट. चातुर्मासातली आणि पौषातली तारीख कोणी सांगितली तर संशय घ्या, त्या काळात लग्नं सहसा लागत नसत. दुसरा मार्ग थोरल्या अपत्याच्या जन्माचा. महापालिकेतला जन्मदाखला मिळाला तर उत्तम. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर मात्र भिस्त ठेवू नका. १ जूनला जन्मलेली इतकी माणसं आपल्याकडे का आहेत, हे मास्तरांना ठाऊक. शिवाय जुन्या दाखल्यात आईचं नाव सहसा नसतं.

घरातलं आधी

ऑफिसांच्या आधी पत्र्याची ट्रंक उघडा. लग्नपत्रिका लोक टाकत नाहीत, पोथीत खूण म्हणून ठेवतात. आहेराची वही सापडली तर सोनं सापडलं असं समजा. कोणी सव्वा रुपया दिला, कोणी खण, कोणी तांब्या, हे त्याच रात्री, खोटं बोलायचं काही कारण नसलेल्या माणसाने लिहिलेलं असतं. भांडी उलटी करून बघा. मुलीकडून आलेल्या भांड्यावर माहेरचं नाव असतं, नवऱ्याच्या नातेवाइकांनी दिलेल्यावर सासरचं. कृपया ब्रासो लावून घासू नका, उरलीसुरली अक्षरं जातील.

गिरणीचे कागद असतील तर पीएफचा नामनिर्देशन फॉर्म शोधा. १९५२ च्या कायद्यानंतर कामगाराला त्यात बायकोचं नाव आणि नातं लिहावं लागे. पुष्कळ घरांत १९८२ च्या संपानंतर हे कागद रागाने फेकले गेले. तरी विचारा, शेजारच्या खोलीतल्या माणसालाही विचारा.

गिरगाव-दादरच्या पांढरपेशा घरांसाठी कुलवृत्तांत उपयोगी पडतात. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासून आहे, तिथे आपल्या आडनावाचा कुलवृत्तांत निघाला आहे का ते बघा. त्यात सुनांची माहेरची नावं दिलेली असतात. पण तो वृत्तांत नातेवाइकांनी पुढे अनेक वर्षांनी पाठवलेल्या पत्रांवरून बनतो, हे विसरू नका. काकांनी कळवलेलं साल कुलवृत्तांतात छापलं गेलं आणि काकांनीच ते तुम्हाला तोंडी सांगितलं, तर तो एकच पुरावा झाला, दोन नाहीत.

नाशिकच्या तीर्थोपाध्यांच्या वह्या यापेक्षा भरवशाच्या, कारण आलेला माणूस तिथे स्वतःच्या हाताने लिहितो. गाव आणि आडनाव सांगितलं की आपले उपाध्ये कोण ते पंचवटीत कळतं. सकाळच्या तपोवन एक्सप्रेसने जाऊन रात्री परत येता येतं. दक्षिणा आधी ठरवा, मी ५०१ दिली. १९३८ साली आजोबा त्यांच्या वडिलांच्या अस्थी घेऊन गेले होते, तेव्हाची चार ओळींची नोंद निघाली. त्यात बायकोचं नाव एकच होतं, देवीचं. हरिद्वारसह काही तीर्थांच्या वह्यांची छायाचित्रं फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर आहेत आणि ती बघायला पैसे पडत नाहीत.

मोडी कागद निघाला तर घाबरू नका. कुणबी नोंदींच्या शोधामुळे मोडी वाचणारे आता पुष्कळ माहीत झाले आहेत. पानाचा दर आधी ठरवा, आणि लिप्यंतर ओळीखाली ओळ असं मागा. नुसता सारांश घेतला तर ‘कोम’ आणि ‘मर्द’ त्यात गळून जातात. फोर्टमध्ये एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत पुराभिलेखागार आहे, पण तिथे सामान्य घरातल्या लग्नांची नोंद सापडेल या आशेने जाऊ नका. इनामदार, वतनदार, सरकारी नोकर असं घराणं असेल तरच फेरी सत्कारणी लागेल.

चर्चमधलं लग्न

खोताची वाडी, दादर, भायखळ्यातल्या ईस्ट इंडियन आणि गोवेकर घरांचं काम पुष्कळ सोपं आहे. गिरगावचं सेंट तेरेसा, दादरचं १५९६ चं पोर्तुगीज चर्च, भायखळ्याचं ग्लोरिया चर्च, जिथे लग्न लागलं तिथल्या विवाह रजिस्टरात वर, वधू, दोघांचे आईवडील आणि साक्षीदार सापडतात. खरी गंमत बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात आहे. १९०८ पासून कॅथलिक चर्चमध्ये माणसाचं लग्न झालं की त्याच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीच्या समासात ते टिपण्याचा नियम आहे. लग्न कुठे झालं हे माहीत नसेल तर जन्माच्या पॅरिशमध्ये जा आणि समास वाचा. पॅरिश ऑफिसची वेळ आधी फोनवर घ्या, प्रतीची रक्कम तिथे विचारा, आणि जुनी नोंद लॅटिन किंवा पोर्तुगीजमध्ये असेल तर शब्दाला शब्द उतरवून घ्या.

पारशी लग्नांना १८६५ पासूनच कायदा आणि नोंद आहे. मुस्लिम घरांनी निकाहनामा आणि काझींचं रजिस्टर बघावं. १९५६ नंतरच्या बौद्ध पद्धतीच्या लग्नांसाठी भारतीय बौद्ध महासभेच्या शाखेत विचारावं.

कायद्यासाठी लागणार असेल तर

वंशावळीसाठी मनाची खात्री पुरते, वारसासाठी पुरत नाही. पण न्यायालयही सर्टिफिकेटच मागतं असं नाही. १९७८ च्या बद्री प्रसाद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पन्नास वर्षं नवरा-बायको म्हणून राहिलेल्या जोडप्याचं लग्न झालं होतं असंच गृहीत धरलं, आणि ते नाही असं म्हणणाऱ्यावर सिद्ध करण्याची जबाबदारी टाकली. योग्य ताब्यातून आलेला तीस वर्षांहून जुना कागद, वाद सुरू होण्याआधी बनलेली वंशावळ, भांड्यावरची अक्षरंसुद्धा पुरावा म्हणून मांडता येतात. म्हणून घंगाळं कोणाच्या घरात होतं, ते कधी मिळालं, हे लिहून ठेवा आणि घासण्याआधी फोटो काढा.

प्रतिज्ञापत्र करायची वेळ आली तर स्टॅम्प पेपरवर ५०० रुपये घालवू नका. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुद्रांकाची किमान रक्कम ५०० झाली हे खरं, पण सरकारी कार्यालयात किंवा न्यायालयात दाखल करायच्या प्रतिज्ञापत्राला २००४ पासून मुद्रांक शुल्क माफ आहे. साध्या कागदावर चालतं. नोटरीची फी मात्र आधी विचारा. वारस दाखला १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनप्रमाणे न्यायालयातून मिळतो. त्याला वकील लागतो, तेव्हा तोपर्यंतचे सगळे कागद सालवार लावून वकिलाकडे न्या. त्याचा जितका वेळ वाचेल तितकी फी कमी होते.

माझा हिशेब : डिजिटल उतारे ६० रुपये, माहिती अधिकार १४, झेरॉक्स आणि नकला दीडशेच्या आसपास, नाशिकची दक्षिणा ५०१, बाकी सगळा प्रवास. हाताशी आलं ते असं : घंगाळं, दोन फेरफार, हक्कसोडपत्र आणि नाशिकची नोंद. वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या कारणांसाठी लिहिलेले हे पाच पुरावे एकाच बाईकडे बोट दाखवतात. दुसरी बायको नव्हती. हे कळल्यावर आत्या बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, आईला माहेरच्या नावाने कोणी हाक मारलेली मी कधी ऐकलीच नाही.

लग्न आजोबांच्या मांडवात लागलं की आजीच्या, हे अजून राहिलं आहे. लांज्याकडच्या एका वाडीत आजीच्या मामाचं घर कुलूपबंद आहे, आणि किल्ली ठाण्याला राहणाऱ्या त्यांच्या नातवाकडे. तो मे महिन्यात गावी जातो. आत्याने परळ आगारातून एसटीची वेळ विचारून ठेवली आहे.